छेद लहान, मुदत तीच

आपल्याकडे काही शब्दांनाच औषधाचा गुण असतो. एके काळी तो 'फॉरीन रिटर्न्ड' या शब्दांना होता, आता 'दुर्बिणीतून' या एका शब्दाला आहे. पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, गर्भाशय, गुडघा असे मुक्काम करीत ही दुर्बीण आता घोट्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. पुणे-नाशिक रस्त्याने मंचर, नारायणगाव, आळेफाटा असा प्रवास करताना दुतर्फा दवाखान्यांचे फलक दिसतात. 'बिनटाक्याची', 'लहान छेदाची', 'लवकर घरी' अशी आश्वासने त्यांवर ठळक अक्षरांत असतात. त्यात खोटे काही नसते, असे आपण धरून चालू. पण जे लिहिलेले नसते ते काय, हा खरा प्रश्न आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या शाखांमध्ये माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. कादंबरीकार म्हणून मला ओळखणारे थोडेफार वाचक पुण्या-मुंबईत असतील. या भागात मी अजून 'बँकेचे साहेब'च आहे. त्यामुळे कागद वाचून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. पूर्वी सात-बारा आणि फेरफार घेऊन येत, आता एक्स-रे घेऊन येतात. "साहेब, घोट्याचा सांधा जाम करायचा म्हणत्यात. एक डॉक्टर म्हणतो चिरून, दुसरा म्हणतो दुर्बिणीतून. काय करावं?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला एकापेक्षा अधिक वेळा विचारला गेला आहे. मी डॉक्टर नाही आणि कोणी कोणते ऑपरेशन करून घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु सारी हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेल्यामुळे एवढे कळते की, माणूस ज्या आकड्याकडे टक लावून पाहत असतो तो आकडा बहुधा निर्णायक नसतो. घोट्याच्या बाबतीत नेमके तेच झाले आहे.

मुळात घोटा हा गुडघ्यासारखा केवळ वयोमानाने झिजणारा सांधा नव्हे. नडगीचे जाड हाड, त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड आणि या दोहोंच्या चौकटीत खालून बसणारे 'टॅलस' नावाचे हाड, अशा तिघांचा हा सांधा. साऱ्या अंगाचा भार तो वाहतो, आणि तरीही निरोगी घोटा सहसा माणसाच्या शेवटापर्यंत साथ देतो. घोटे झिजतात ते बहुतांशी जुन्या दुखापतीने.

आणि दुखापतीला या भागात तोटा नाही. आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात हिरडा हे महादेव कोळी कुटुंबांच्या हाती रोख पैसा देणारे एक मोठे साधन आहे, आणि कोवळा बाळहिरडा काढायला झाडावर चढावे लागते. भाताच्या खाचरांचे बांध पावसात शेवाळलेले असतात. पूर्वेकडे आले की ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, विहिरीचा काठ आहे आणि महामार्गावरची मोटारसायकल आहे. घोटा मोडतो, हाडवैद्याकडे किंवा दवाखान्यात बांधला जातो, सुगी तोंडावर आली की प्लास्टर मुदतीआधीच निघते, आणि माणूस कामाला लागतो. घरचे सगळे विसरून जातात. घोटा विसरत नाही. रॅम्सी आणि हॅमिल्टन या दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग अस्थिरोगतज्ज्ञ अजून सांगतात. टॅलस आपल्या जागेवरून बाहेरच्या बाजूला केवळ एक मिलिमीटर सरकले, तर सांध्यातल्या हाडांचे एकमेकांना टेकण्याचे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते. म्हणजे तोच भार निम्म्याहून थोड्या अधिक जागेवर येतो. दहा-पंधरा वर्षांनी हाडांवरची कूर्चा संपते, हाडावर हाड घासू लागते, आणि चाळिशी-पन्नाशीतला धट्टाकट्टा माणूस रात्री पाय उशाशी घेऊन बसतो.

औषधे, इंजेक्शने, पट्टे यांनी भागेनासे झाले की मग 'फ्यूजन'ची गोष्ट निघते. हा उपाय विचार करण्यासारखा आहे. दुखणारा सांधा दुरुस्त करायचा नाही, तो सांधाच नाहीसा करायचा. उरलीसुरली कूर्चा खरवडून काढायची, नडगी आणि टॅलस एकमेकांवर घट्ट बसवून स्क्रूने आवळायचे आणि त्यांचे एक हाड होऊ द्यायचे. जिथे हालचाल नाही तिथे वेदना नाही, असा हा सौदा. व्हिएन्नाच्या एडुआर्ड आल्बर्ट यांनी १८७९ च्या सुमारास पोलिओने लुळ्या पडलेल्या पायांसाठी ही कल्पना मांडली. १९५१ साली इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी हाडे बाहेरून चापाने दाबून धरण्याची पद्धत सांगितली आणि जुळण्याची खात्री वाढली. पुढे चापाची जागा आतल्या स्क्रूंनी घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले: हाड हाडाला भिडवा, दाबून धरा आणि थांबा.

वाद आहे तो आत कसे शिरायचे याचा. उघड्या पद्धतीत घोट्याच्या बाहेरच्या अंगाला किंवा पुढून लांब छेद घेतात, सांधा डोळ्यांसमोर उघडा करतात, वाकडे असेल ते कापून सरळ करतात आणि स्क्रू किंवा पट्टी बसवतात. दुर्बिणीच्या पद्धतीत घोट्याच्या पुढच्या बाजूला दोन लहान भोके पाडतात. एकातून पेन्सिलीहून बारीक दुर्बीण जाते, दुसऱ्यातून कूर्चा खरवडणारे फिरते हत्यार. आतले चित्र पडद्यावर पाहत काम चालते आणि शेवटी क्ष-किरणांच्या मदतीने कातडीतल्या बारीक छेदांतून स्क्रू पिळले जातात. ही दुर्बीण मूळची जपानची. टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय पाहण्याच्या नळीतून मृतदेहाच्या गुडघ्यात प्रथम डोकावून पाहिले. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिला रोजच्या वापराचे हत्यार बनवले. घोट्याच्या फ्यूजनसाठी ती वापरात आली ती १९८० च्या दशकात.

आता दुर्बिणीच्या बाजूने जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. घोट्याभोवती मांस असे नसतेच. कातडी, शिरा आणि हाड. अशा ठिकाणी लांब जखम भरायला त्रास देते, विशेषतः मधुमेह असेल किंवा जुन्या ऑपरेशनचे व्रण असतील तर. लहान भोकांना हा धोका कमी. कॅनडातल्या शल्यविशारदांनी २०१३ साली दोन्ही पद्धतींच्या प्रत्येकी तीस रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्हीकडे दुखणे कमी झाले, पण पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दुर्बिणीच्या रुग्णांची स्थिती अधिक चांगली होती, आणि त्यांचा रुग्णालयातला मुक्काम सुमारे एका दिवसाने कमी होता. मात्र हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. हाड जुळण्याच्या बाबतीत तर दोन्ही पद्धती जवळजवळ खांद्याला खांदा लावून आहेत. बहुतेक अहवालांत दहांतले नऊ किंवा त्याहून अधिक घोटे जुळतात.

उघड्या पद्धतीच्या बाजूनेही तितकेच खरे आहे. घोटा फार वाकडा झालेला असेल, हाडाचा तुकडा गेलेला असेल, जुन्या पट्ट्या आणि स्क्रू काढायचे असतील, तर तो उघडून पाहिल्याशिवाय सरळ करणे कठीण. पाऊल काटकोनात आणि टाच योग्य कोनात बसली नाही, तर छेद कितीही सुबक असो, माणूस जन्मभर वेडावाकडा चालणार. शिवाय दुर्बिणीचे काम हातांना शिकावे लागते. म्हणून मला विचाराल तर, घोटा फारसा वाकडा नसेल आणि डॉक्टरांच्या हाताला हे काम रोजचे असेल, तर दुर्बीण उजवी. नसेल, तर ज्यात त्यांचा हात बसलेला आहे ती पद्धत उजवी.

पण हा झाला वादाचा लहान भाग. मोठा भाग सांगण्यासाठी मला माझ्या जुन्या टेबलाकडे जावे लागेल.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९९९ पर्यंत चालू होता. त्यात आम्ही म्हशीसाठी कर्जे देत असू. कर्ज घेणारा पहिला प्रश्न विचारी तो व्याजाच्या दराचा. दर अर्ध्या टक्क्याने कमी आहे म्हटले की चेहरा खुलायचा. पण या भागात म्हशीवरचे कर्ज थकलेले मी पाहिले, ते दरामुळे क्वचितच. म्हैस आटली, भाकड काळ सुरू झाला, दूध बंद झाले आणि हप्त्याची तारीख मात्र हलली नाही, म्हणून ते थकले. माणसाला बुडवते ते वेळापत्रक. घोट्याच्या ऑपरेशनात छेदाची लांबी म्हणजे व्याजाचा दर. हाड जुळण्याची मुदत म्हणजे हप्त्यांचे वेळापत्रक. आणि ही मुदत दुर्बिणीने फारशी हलत नाही. भोक अर्ध्या इंचाचे असो की छेद चार इंचांचा, हाडाला ते ठाऊक नसते. साधारण सहा आठवडे त्या पायावर भार टाकायचा नाही, त्यानंतर प्लास्टर किंवा बूट घालून हळूहळू, आणि पक्के जुळायला तीन महिने, कधी त्याहून जास्त. 'लवकर घरी' हे खरे. 'लवकर शेतावर' हे कोणीही लिहिलेले नाही, पण वाचणारा तेच वाचतो.

हे तीन महिने पुण्याच्या सदनिकेत एक गोष्ट आहेत आणि डिंभ्याच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत दुसरी. तिथे मृग निघाला की राब तयार होतो आणि पावसाचा जोर धरला की आवणी. आवणी चुकली तर वर्षाचे भात चुकले. पूर्वेकडे टोमॅटोची तोडणी, कांद्याची काढणी, उसाला पाणी. आणि गोठ्यातली गाय तर रविवारही पाळत नाही. बाई अंथरुणाला खिळली तर अख्खे घर अडते, आणि पुरुष अंथरुणाला खिळला तरी बाईचेच काम दुप्पट होते. त्यामुळे होते असे की, टाके निघाले, जखम कोरडी दिसली, दुखणे कमी झाले की चौथ्या-पाचव्या आठवड्यात पाय जमिनीला टेकतो. लहान छेदाचा इथे एक उलटा धोका मला दिसतो. मोठी जखम माणसाला घाबरवून तरी बसवते. दोन भोके पाहून घरचेच म्हणतात, "आता काय, बरंच झालं की." आतले हाड मात्र अजून ओल्या भिंतीसारखे असते.

हाड न जुळण्याचे आणखी एक कारण आपल्या घरोघरी असते. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांची हाडे जुळायला अडखळतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तंबाखू मळणारा आणि मिश्री लावणारी यांना वाटते की हा इशारा आपल्याला नाही. पण निकोटिन त्यातही असतेच, आणि त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे ही पुडी बंद ठेवणे बिनखर्चाचे आहे. तिचा फायदा छेदाच्या लांबीपेक्षा मोठा असू शकतो.

आता त्याहून अवघड गोष्ट. हाड उत्तम जुळले, वेदना गेली, तरी जोडलेला घोटा वाकत नाही. सपाट रस्त्यावर माणूस चांगला चालतो, अनोळखी माणसाला कळतही नाही. पण उकिडवे बसता येत नाही, निदान पूर्वीसारखे टाच टेकवून नाही. आणि आपले निम्मे आयुष्य उकिडवे असते. खुरपणी उकिडव्याने, चूल उकिडव्याने, गाईची धार उकिडव्याने. शासनाच्या योजनांतून गावोगाव बांधली गेलेली शौचालयेही उकिडवे बसण्याचीच. चिखलात, उतारावर, बांधावर पाऊल जमिनीप्रमाणे वळत नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्या कदाचित चढता येतील. उतरताना कठडा लागेल. ही किंमत दोन्ही पद्धतींत सारखीच आहे, आणि ती फलकावर कुठेच नसते.

याच ठिकाणी मला जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा आठवतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जो 'जयपूर फूट' घडवला, त्याचे मोठेपण त्यातल्या स्वस्त रबरात नव्हते. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालून, खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी केलेला होता. आपला शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, मांडी घालतो, उकिडवा बसतो, हे त्यांनी आधी पाहिले आणि मग पाय घडवला. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो माझ्या मते या पाहण्यासाठी. घोट्याच्या ऑपरेशनची चर्चा आपल्याकडे नेमकी याच्या उलट चालते. हत्यार आधी, माणूस नंतर.

पुढचाही हिशेब आहे. घोटा बंद झाला की त्याचे काम शेजारच्या सांध्यांवर पडते. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेवीस रुग्णांना ऑपरेशननंतर सरासरी बावीस वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांच्या त्याच पायातले आसपासचे सांधे झिजलेले आढळले. पस्तिशीतल्या माणसाला हे आधी सांगायला नको काय? कोणी म्हणेल, मग कृत्रिम घोटा बसवावा. ब्रिटनमध्ये ३०३ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचा निकाल २०२२ साली आला. कृत्रिम घोटा आणि फ्यूजन, दोन्हींनी वर्षभरात चांगला आराम पडला आणि एकंदरीत एक दुसऱ्याहून निश्चितपणे सरस ठरले नाही. पण ते रुग्ण पन्नाशीच्या पुढचे होते, आणि डोक्यावर ओझे घेऊन बांधावरून चालणाऱ्या तरुण माणसासाठी डॉक्टर आजही बहुधा फ्यूजनकडेच झुकतात.

"रुग्णाने एवढ्या खोलात कशाला शिरावे? डॉक्टरांवर विश्वास ठेवावा," असे म्हणणारे असतील. विश्वास ठेवावाच. पण विश्वास ठेवणे म्हणजे प्रश्न न विचारणे नव्हे. आमच्याकडे सोने तारण ठेवताना अर्जात उद्देश 'शेती' लिहिलेला असायचा आणि बोलता बोलता कळायचे की पैसे दवाखान्यात जाणार आहेत. मंगळसूत्र गहाण ठेवून जो निर्णय घेतला जातो, तो निदान पुरता समजून घेतलेला असावा. डॉक्टरांनीही एक्स-रे पाहण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: काम काय करता, घरात दुसरे कर्ते माणूस कोण, शौचालय कसले आहे, आणि कोणते तीन महिने तुम्हाला परवडतील? दुखणे जुने असते, ऑपरेशन तातडीचे नसते. मग ते आवणीच्या तोंडावर न करता भात झोडून झाल्यावर केले तर काय बिघडते? या एका प्रश्नाने जेवढी हाडे जुळतील, तेवढी नव्या हत्यारांनी जुळणार नाहीत.

आणि शासनाने काय करावे? २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे राज्यभर गेली, तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ साली ती सर्व कुटुंबांसाठी खुली करून मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. हे मोठेच काम आहे. परंतु योजना ऑपरेशनचा खर्च उचलते, घरी बसलेल्या नव्वद दिवसांचा नाही. त्या दिवसांसाठी थोडी मजुरी, कमोडची एक खुर्ची, एक वॉकर, आणि चालताना पाऊल पुढे लोटणारा गोलसर तळाचा बूट: एवढे पॅकेजमध्ये घातले तर खर्च फार वाढणार नाही. फेरतपासणीचा एक्स-रे पुण्याऐवजी मंचर, घोडेगाव, नारायणगाव किंवा जुन्नरच्या सरकारी रुग्णालयात काढून तिथूनच डॉक्टरांना पाठवता आला, तर एका पायावर एस.टी. चढण्याची शिक्षाही टळेल. आणि सर्वांत आधी, आज घोटा मोडून येणाऱ्याचे हाड मिलिमीटरच्या काट्याने जागेवर बसेल, प्लास्टर मुदतभर राहील, एवढे जरी या दोन तालुक्यांत साधले, तरी पंधरा वर्षांनंतर दुर्बीण की छेद हा प्रश्न पुष्कळांना पडणारच नाही.

तोवर एक्स-रे घेऊन येणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. भोक केवढे पडणार हे डॉक्टरांना विचारा, जरूर विचारा. पण ते शेवटी विचारा. आधी विचारा, पाय किती दिवस टेकायचा नाही, आणि त्यानंतर त्या पायाने मला काय काय करता येणार नाही.